सतरा किलो जास्त

जिथे कुणालाच वजन नाही, तिथे दर पंधरा दिवसांनी वजन करावं लागतं, ही गंमत बारकीला पहिल्या दिवसापासून आवडायची.

वरच्या त्या अंतराळस्थानकात काटा नव्हता. काट्यावर उभं राहायचं तर आधी उभं राहता आलं पाहिजे, आणि तिथे उभं, आडवं, उलटं, सगळं सारखंच. म्हणून भिंतीला एक दांडा होता, दांड्याला एक छोटंसं खोगीर आणि खोगिराच्या पोटात स्प्रिंग. गुडघे पोटाशी घेऊन त्या खोगिराला मिठी मारायची आणि कळ दाबायची. मग ते खोगीर आपल्याला घेऊन पुढे-मागे झुलायचं. माणूस हलका असेल तर भरभर, जड असेल तर सावकाश. त्या झुलण्यावरून यंत्र गणित करायचं आणि पडद्यावर आकडा दाखवायचं.

बारकीचा आकडा बावन्न. आजचा नाही, कॉलेजपासूनचा. पाच बहीणभावंडांत ती सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत किरकोळ, म्हणून घरात तिला बारकी म्हणत. प्रशिक्षणाच्या तीन वर्षांत ते नाव तिच्या मागोमाग तिथेही येऊन पोचलं. चौतिसाव्या वर्षी ती अंतराळवीर झाली, सगळ्या जगानं तिला पाहिलं, पण वर तिच्याबरोबर राहणारे दोघंही तिला बारकीच म्हणायचे.

त्या दोघांतले एक कप्तान. वय चोपन्न, डोक्यावर केस थोडे, अंगात शिस्त फार, आणि चार वर्षांच्या नातीपुढे पार लोण्याचा गोळा. दुसरा मिस्त्री. स्थानकातली हवा, पाणी, वीज आणि संडास, चारही गोष्टी त्याच्या हाती, म्हणून तिघांचा जीवही त्याच्याच हाती. तो यंत्रांशी बोलायचा. पंखा अडकला तर त्याला आधी गोडीत समजवायचा आणि मग शिव्या द्यायचा. आश्चर्य म्हणजे शिव्यांनी पंखा सुरू व्हायचा.

त्या सकाळी बारकीनं खोगिराला मिठी मारली, कळ दाबली, आणि खोगीर झुललं. जरा आळसावल्यासारखंच झुललं.

आकडा आला एकोणसत्तर.

"मिस्त्री, तुझं यंत्र पिऊन आलंय," ती ओरडली.

मिस्त्री तरंगत आला. त्यानं आकडा पाहिला, बारकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "माझ्या वाटणीच्या खिरीच्या पिशव्या कुठे जातात, ते आज कळलं."

त्यानं स्वतः बसून पाहिलं. चौऱ्याहत्तर, बरोबर. कप्तान बसले. एक्याऐंशी, तेही बरोबर. बारकी पुन्हा बसली. एकोणसत्तर. रिकामं खोगीर झुलवलं, तर शून्य. यंत्राचं काही बिघडलेलं नव्हतं.

खाली आकडा गेला. तिघंही पृथ्वीला 'खाली'च म्हणायचे, जणू दोन जिने उतरून जायचं असावं. खालचे डॉक्टर तासाभरात बोलायला आले. बाईमाणसाशी वजनाबद्दल कसं बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"म्हणजे... पंधरा दिवसांत सतरा किलो... जरा जास्तच होतात, नाही का?"

"डॉक्टर, माझी पँट ढिली होतेय."

"व्यायाम वाढवा," डॉक्टर म्हणाले. "आणि गोड कमी करा."

मिस्त्रीला हसून हसून गोल गोल फिरताना पाहिलं तेव्हा बारकीनं त्याच्या अंगावर सॉक्स फेकला. तिथे फेकलेली वस्तू पडत नाही. तो सॉक्स दोन दिवस तिघांच्या मध्ये हिंडत होता.

त्याच संध्याकाळी तिची आई पडद्यावर आली. वर गेलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, पाय काटकुळे होतात आणि तोंड सुजल्यासारखं दिसतं. आईला ते काय ठाऊक! "गाल वर आले हो माझ्या बाळीचे," ती डोळे पुसत म्हणाली. "किती वर्षं सांगत होते, अंगावर जरा मांस चढू दे म्हणून."

"आई, फक्त गाल आहेत ते."

"असू देत. घरी येईपर्यंत उतरवू नकोस."

इथवर सगळी मजाच होती.

* * *

पण त्या आठवड्यात बारकी सारखी कुठे ना कुठे आपटत होती. वर आलेला नवा माणूस पहिले दहा दिवस आपटतो. अंग ढकलायचं किती आणि थांबवायचं कधी, ते हाताला कळायला वेळ लागतो. तिला आता पाच महिने झाले होते. दोन बोटांनी दांडी धरली की अंग थांबायचं, मांजरीसारखं. आता मात्र दांडी धरली तरी अंग पुढे जायचं. मनगट ताणलं जायचं, गुडघे कपाटावर आदळायचे. खूप सामान घेऊन धावावं आणि थांबता येऊ नये, तसं व्हायचं. हातात तर काही नसायचं.

चार दिवसांनी तिनं कुणाला न सांगता पुन्हा खोगिराला मिठी मारली. बावन्न.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि ही बातमी द्यायला वळली, तर कप्तान समोरून येत होते. त्यांनी दांडी धरली, पण थांबता आलं नाही. खांदा दारावर आपटला. कप्तान आपटले, हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"कप्तान," ती म्हणाली, "जरा बसता का यावर?"

अठ्ठ्याण्णव.

मिस्त्री आला. तिघांनी पडद्याकडे पाहिलं. एक्याऐंशी आणि सतरा, अठ्ठ्याण्णव. बावन्न आणि सतरा, एकोणसत्तर. वजाबाकी करायला कुणाला कागद लागला नाही.

पंखे घुमत होते. स्थानकात पंखे कधीच बंद नसतात. बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे त्याचाच श्वास साठतो. त्या घुमण्याची इतकी सवय होते की ते ऐकूच येत नाही. त्या वेळी तिघांनाही ते ऐकू आलं. तापलेल्या धातूचा, जुन्या बॅटरीसारखा तो कायमचा वास, तोही पुन्हा नव्यानं आला.

"खाली," मिस्त्री हळूच म्हणाला, "खाली एखाद्याच्या मानगुटीवर काही बसलं, तर त्याला कळतं तरी. खांदे दुखतात. पाय जड होतात."

"मग?" कप्तानांनी विचारलं.

"इथे कळणार कसं? इथे हत्ती बसला तरी जड लागणार नाही."

कप्तानांनी मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहिलं. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, हे त्या क्षणी त्यांना नव्यानं कळल्यासारखं दिसलं. मग ते म्हणाले, "सतरा किलो म्हणजे माझी नात."

बारकी चटकन त्यांच्याकडे वळली. "कप्तान... ती बरी आहे ना?"

"अगं, कालच बोललो तिच्याशी! शाळेत कुणाला तरी चावून आलीय. ठणठणीत आहे." ते हसले, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. "एवढंच म्हणतोय, की एवढं वजन एवढ्याशा मुलाचं असतं."

* * *

पुढच्या रविवारी जे झालं, त्यानंतर शंकेला जागाच उरली नाही.

दुपारची वेळ होती. म्हणजे घड्याळात दुपार. खिडकीबाहेर दर दीड तासाला सूर्य उगवायचा आणि मावळायचा, त्यामुळे खिडकीचं कुणी मनावर घेत नसे. सगळे दिवे लख्ख लागलेले. बारकी खोलीच्या बरोबर मधोमध तरंगत रोपांच्या नोंदी वाचत होती. हात कशाला लागलेला नाही, पाय कशाला लागलेले नाहीत. अशा वेळी माणूस अगदी स्थिर राहतो. कुणी ढकलल्याशिवाय तो सुईच्या टोकाएवढाही हलत नाही. मिस्त्री तिच्या मागे सात-आठ हात लांब, पाठमोरा, कसला तरी पाइप आवळत होता आणि त्या पाइपला एक विनोद सांगत होता. विनोद जुना होता, तरी बारकीला हसू फुटलं.

आणि कुणीतरी तिच्या पाठीला पाय लावून उडी मारली.

दोन पाय, चिमुकले, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. पोहायला शिकणारं मूल हौदाच्या भिंतीला रेटा देतं ना, तसा रेटा. दुखलं नाही. पण ती सरळ पुढे ढकलली गेली, नोंदींची वही हातातून सुटली, आणि ती तशीच, तोंड उघडं, पलीकडच्या भिंतीकडे निघाली.

तिनं मान वळवून मागे मिस्त्रीकडे पाहिलं. एक... दोन... तीन...

मिस्त्रीला हिसका बसला. तो पाइपावर आपटला, पान्हा हातातून उडाला. कुणीतरी धावत येऊन गळ्यात पडल्यावर बसतो, तसा हिसका.

"बारके, मस्करी नको..." असं म्हणत तो वळला. बारकी तर भिंतीला टेकलेली, त्याच्यापासून अख्खी खोलीभर लांब.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "माझ्याकडे आलंय?"

बारकीनं मान हलवली.

"काय करू?"

"विनोद," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "विनोद पुरा कर... त्यासाठीच आलंय ते."

आणि त्या धडधाकट माणसानं, डोळे घट्ट मिटून, कापऱ्या आवाजात, एका पाइपला विनोदाचा शेवट ऐकवला.

* * *

माणूस कशालाही सरावतो. घरात झुरळं झाली तर सरावतो, ह्याला का नाही सरावणार?

खाली कळवायचं नाही, हे कप्तानांनी पहिल्या दिवशीच ठरवलं. "कळवलं तर ते आपल्याला वेडे ठरवतील," ते म्हणाले, "आणि नाही ठरवलं, तर मला त्यांचीच काळजी वाटेल." वजनाचे आकडे जाताना मिस्त्री आधी माग काढायचा. ज्याच्याकडे 'ते' असेल, त्यानं दुसऱ्याला गोष्ट सांगायला लावायचं. गोष्ट सुरू झाली की ते तिकडे जायचं. मग याचं वजन उरकून घ्यायचं. खालचे डॉक्टर खूश झाले. गोड बंद केल्याचा परिणाम, असं त्यांनी लिहून ठेवलं.

'त्या'ला गोष्टी फार आवडायच्या. कप्तान नातीला दर रविवारी गोष्ट सांगत, आता रोज जेवणानंतर सांगू लागले. वाघाची, चोराची, बुटक्या राजाची. सांगता सांगता ते किंचित मागे सरकायचे, म्हणजे कळायचं की आलं. सकाळी एकमेकांना "झोप झाली का?" विचारण्याआधी "आज कुणाकडे?" असं विचारलं जाई. व्यायामाच्या पट्ट्यावर पळताना खांद्यांना रबरी पट्टे बांधून माणसाला खाली ओढून धरावं लागतं, त्या वेळी मात्र ते उतरून जाई. मिस्त्री म्हणाला, त्याला घामाचा वास सहन होत नसणार.

भीती गेली होती असं नाही. कधी बारकी झोपेच्या पिशवीत शिरायची आणि पिशवीची चेन लावताना तिला वाटायचं, आपण एकट्याच आत आहोत ना? अशा वेळी ती पाठ भिंतीला घट्ट टेकवून झोपायची. मग वाटायचं, मधे कुणी चेंगरलं तर? की पुन्हा जराशी पुढे सरकायची.

अखेर परतीचा दिवस आला.

उतरायचं यान म्हणजे घंटेच्या आकाराचा एक डबा. तीन माणसं गुडघे दुमडून शेजारी शेजारी बसतात, एवढीच जागा. डावीकडे बारकी, मध्ये कप्तान, उजवीकडे मिस्त्री. त्या डब्याचा तोल माणसांच्या आणि सामानाच्या वजनावर बांधलेला असतो. एका बाजूला सतरा किलो जास्त झाले, तर डबा वेडावाकडा घुसेल, दुप्पट जोरानं खाली येईल, आतल्या माणसांच्या छातीचे पिंजरे मोडतील. मिस्त्रीनं तीन रात्री त्याच गणितात घालवल्या होत्या.

पण निघायच्या सकाळी तिघं खोगिरावर बसले आणि तिघांचंही वजन बरोबर निघालं. बावन्नला एक कमी, एक्याऐंशी, चौऱ्याहत्तर.

"सुटलो बुवा!" मिस्त्रीनं हवेत कोलांटी मारली.

"कुठेतरी लपलंय," कप्तान म्हणाले. "सामान बांधताना पाहिलं असेल. मुलांना कळतं. माझी नातही मी निघालो की पलंगाखाली जाऊन बसते."

दिवे एकेक करत मालवले गेले. पुढची तुकडी यायला तीन आठवडे होते, तोवर स्थानक रिकामं राहणार होतं. पंखे तेवढे चालू. तिघं फुगीर पोशाख चढवून यानात शिरले. आता फक्त मधलं दार लावायचं होतं. बारकीनं त्या दारातून मागे पाहिलं. लांबलचक काळोखा बोगदा आणि त्याच्या टोकाला एक हिरवा ठिपका.

"तीन आठवडे एकटं राहील," ती म्हणाली.

"बारके, भूत आहे ते!"

"असेल. पण लहान आहे."

मिस्त्री कप्तानांकडे वळला, त्यांनी आता हिला दटावावं म्हणून. कप्तान दाराच्या कडेला बोट घासत राहिले. "मिस्त्री, तोल सांभाळता येईल?"

"तिच्या बाजूला सतरा वाढले, तर तिच्या खालच्या पिशव्यांतल्या साडेआठ किलोच्या इकडे घ्यायच्या. सतराचे निम्मे. तोल जमेल." तो थांबला. "पण खाली जाताना सगळ्याचं वजन चौपट होतं, कप्तान. तिच्या छातीवर अडुसष्ट किलो पडतील. एक अख्खा माणूस."

"प्रशिक्षणातल्या फिरत्या पाळण्यात मी आठपट सोसलंय," बारकी म्हणाली.

"स्वतःचं. दुसऱ्याचं नाही."

"पाच मिनिटं," कप्तान म्हणाले. "सहावं लागलं तर मी दार लावीन."

ती अंधारात शिरली. टॉर्च लावली नाही. लहान मूल लपलं असेल तर त्याच्या तोंडावर उजेड मारू नये, एवढं तिला कळत होतं. ती बोगद्याच्या मधोमध गेली, दांडी सोडली, अंग अगदी स्थिर केलं. पंखे घुमत होते. स्वतःचा श्वास पोशाखाच्या गळपट्टीत घुमत होता.

"चल," ती हळू म्हणाली. "घरी जायचं ना?"

काही नाही.

"गोष्ट सांगीन... खाली जाईपर्यंत. लांबलचक."

तेव्हाही काही नाही. मग काळोखात कुठेतरी, तिच्या डोक्याच्या वरच्या अंगाला, बंद कपाटाच्या दाराची चिकटपट्टी सुटल्याचा आवाज झाला... खर्रर्र... अगदी सावकाश. तिनं वर पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं तिला आतूनच कळलं. तिनं सुरुवात केली, "एक होता बुटका राजा..."

आणि समोरून येऊन ते तिच्या छातीला बिलगलं. ती तशीच मागे मागे तरंगत दारातून यानात आली.

* * *

हवेच्या थराला डबा लागला की खिडकीबाहेर आधी गुलाबी, मग नारिंगी, मग चुलीच्या तोंडासारखं दिसतं. आणि वजन परत येतं. सहा महिने विसरलेलं वजन. आधी हात जड झाले, मग जीभ. आणि मग बारकीला पहिल्यांदाच ते खरोखर जाणवलं.

दोन हात तिच्या मानेमागे गुंफलेले. गुडघे तिच्या कमरेला. हनुवटीखाली एक डोकं. पोशाखाच्या एवढ्या जाड थरांतूनही ते गार होतं. आणि ते थरथरत होतं. भूतसुद्धा घाबरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"...त्या बुटक्या राजानं... काय केलं..."

"बोलू नकोस!" कप्तान ओरडले. "पोटानं श्वास घे! छाती घट्ट! पोटानं!"

तिप्पट. चौपट. अख्खा माणूस छातीवर बसला. दोन्ही बाजूंनी काळोख आत सरकत आला, मध्ये एक नाण्याएवढा उजेड उरला. त्या उजेडात तिला मिस्त्रीचा आवाज ऐकू येत होता. तो दातओठ खात, एकेक शब्द रेटत, राजाची गोष्ट पुढे नेत होता. चुकीचीच नेत होता. राजाला त्यानं संडास दुरुस्त करायला लावलं होतं. बारकीच्या हनुवटीखालचं डोकं हललं. हसलं असावं.

मग छत्रीचा धक्का, मग आणखी एक धक्का, मग धाडकन जमीन.

डबा एका कुशीवर लवंडला होता. "आहात का सगळे?" कप्तानांनी विचारलं. "आहे." "आहे." आणि बारकीच्या छातीवरून भार उठला, तिच्या पोटावर पाय देऊन, दाराकडे गेला.

कप्तानांनी दार उघडलं. ऊन आत आलं. ऊन, मातीचा वास आणि वारा! तिघं रांगत, सरपटत, हसत, रडत बाहेर पडले आणि गवतात उताणे झाले. उभं राहायची कुणाची बिशाद नव्हती.

रेडिओवरून कळलं, ठरलेल्या जागेपासून ते साठ किलोमीटर लांब उतरले होते. तोल बरोबर होता, यंत्रं बरोबर होती, तरी साठ किलोमीटर. हेलिकॉप्टर यायला तास लागणार होता.

"ते बघ," मिस्त्री म्हणाला.

गुडघाभर गवतात एक चिंचोळी वाट पडत चालली होती. वाऱ्याच्या उलट. इकडे तिकडे न हुंदडता, सरळ, घर ठाऊक असल्यासारखी. तिच्या टोकाला, दगड टाकला तर पोचेल एवढ्यावर, एक पत्र्याच्या छपराचं घर होतं. दोरीवर कपडे वाळत होते. दारात एक बाई उभी होती.

आभाळातून काळवंडलेला डबा पडलेला पाहून माणूस ओरडेल, पळेल, निदान डोळे मोठे करील. ती बाई हात पुसत आली. वाट तिच्या पायाशी थांबली. ती वाकली, तिनं दोन्ही हातांनी काहीतरी उचललं आणि कडेवर घेतलं. तिची कंबर एका अंगाला कलली. सतरा किलोंना कलावी, तेवढीच.

मग ती या तिघांजवळ आली.

"त्रास दिला का फार?" तिनं विचारलं. शेजारणीकडे खेळायला गेलेलं मूल न्यायला यावं, तसं.

"नाही, नाही," कप्तानांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "शहाणं आहे."

"गोष्टींचं वेड फार." तिनं कडेवरचं नीट वर सरकवलं. मग डब्याच्या उघड्या दाराकडे पाहिलं, जरा वाट पाहिली. "आणि धाकटं?"

गवत सळसळलं.

"एकच होतं..." बारकी म्हणाली.

"दोघं आहेत." बाई हसली. चांगलं, मायेचं हसू होतं ते. "हे थोरलं. हे पाठीवर बसतं. धाकट्याला पाठीवर भीती वाटते. ते आत शिरून बसतं. त्याला वजनही नाही फारसं."

तिनं तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. कप्तानांच्या, बारकीच्या, मिस्त्रीच्या. घाई न करता, धान्य निवडावं तसं. मग मान हलवली.

"असू दे. कंटाळलं की येईल."

आणि घराकडे चालू लागली.

आता तुम्ही म्हणाल, नंतर पाहिलं तर तिथे घरच नव्हतं. तसलं काही नाही. घर होतं. हेलिकॉप्टरवाल्यांनीही पाहिलं, एक जण तर तिथे जाऊन पाणी पिऊन आला. बाई चांगली आहे म्हणाला, पाणी गार होतं म्हणाला.

* * *

चालायला शिकण्यात महिना गेला. बारकीच्या आईनं गाल उतरलेले पाहिले आणि खालच्या डॉक्टरांना फोन करून फैलावर घेतलं. तिघांची वजनं रोज व्हायची, साध्या काट्यावर. एकाचंही वजन वर-खाली झालं नाही. बारकी रात्री पालथी, उताणी, हवी तशी झोपायची. बाईचं बोलणं तिघांनी एकदाच काढलं आणि हसण्यावारी नेलं.

सुट्टी मिळाली त्या रविवारी कप्तानांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. नात आल्या आल्या मिस्त्रीच्या मांडीवर जाऊन बसली. ती अनोळखी माणसाकडे कधी जात नाही म्हणे. घरभर ऊन आलेलं, कप्तानांच्या बायकोची धावपळ, सगळे एकदम बोलत होते. मिस्त्री संडासवाल्या राजाची गोष्ट सांगत होता आणि नात हसून हसून लोळत होती.

बोलता बोलता त्याला तहान लागली. त्यानं समोरचा पाण्याचा पेला उचलला, दोन्ही हातांनी. दहाही बोटं पसरून, पेल्यात नाक बुडेल असा, डोळे वरच्या कडेवरून सगळ्यांवर ठेवून, घटाघटा प्यायला.

बारकीनं कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी आधीच पाहिलेलं होतं.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "पेला असा का धरलास?"

त्यानं पेल्याकडे पाहिलं. आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघून गोड हसला.

"कसा?"